चाक वाढलं, आता गिअरचं बोला

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं, की मोठे टायर टाकायचे असतील तर आधी गिअरचा हिशोब मांडा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. माझं गॅरेज कराडला, चिपळूणच्या रस्त्याला आहे. तीस वर्षांत निम्म्याहून जास्त काम गिअरपेट्या आणि हाउसिंगचंच केलं. हाउसिंग म्हणजे दोन चाकांच्या मधला एक्सलचा लोखंडी गोळा, आत दातचाकं असलेला. आधी वडापच्या जीपा, मग जिप्स्या, आता थार आणि जिम्नी. जे हातानं केलंय आणि टेपनं मोजलंय, तेवढंच सांगतो.

प्रश्न : माझ्याकडे २००९ची जिप्सी किंग आहे. पाटण तालुक्यात वरच्या अंगाला शेती, शेवटचे सहा किलोमीटर कच्चे. पावसाळ्यात चाकोऱ्या इतक्या खोल होतात की मागची हाउसिंग मधल्या उंचवट्याला घासते. म्हणून २०५/७० आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकले. घासणं थांबलं. पण आता चिपळूणहून परतताना कुंभार्ली घाटात गाडी तिसऱ्यात दम तोडते आणि दुसऱ्यात नुसती ओरडते. क्लच प्लेट दहा महिन्यांत संपली. एक मेकॅनिक म्हणतो इंजिन बदला, दुसरा म्हणतो दोन्ही हाउसिंग बदला. काय करू? (पाटण)

उत्तर : दादा, इंजिनाला हात लावू नका. तुमचं इंजिन होतं तेवढंच ताकदवान आहे. त्याच्या हातातली पहार तेवढी आखूड झाली आहे.

कागद घ्या. टायरवर २०५/७० आर १५ लिहिलेलं असतं, त्यातला २०५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे त्या रुंदीच्या सत्तर टक्के बगलेची उंची, आणि १५ म्हणजे रिम इंचांत. २०५ चे सत्तर टक्के साडेत्रेचाळीस वर शंभर, म्हणजे १४३.५. बगल वर एक, खाली एक, म्हणून २८७. त्यात १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळवा. जुन्या चाकाची उंची झाली ६६८. नव्याची याच रीतीनं ७३३.५ येते. दोन्हींचा भागाकार १.०९८. म्हणजे चाक जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढलं.

जुनं चाक एक किलोमीटर जायला सुमारे ४७६ फेरे घेत होतं, नवं ४३४ घेतं. रबर वजनानं दबतं, त्यामुळे प्रत्यक्षातले फेरे थोडे जास्त, पण दोन्हींतलं प्रमाण तेच राहतं. याचा अर्थ तुमचा प्रत्येक गिअर वरच्या गिअरकडे सरकला. जिथे जमिनीवर शंभर किलोचा जोर मिळत होता, तिथे आता एक्क्याण्णव मिळतो. सपाटीला हे जाणवत नाही. कुंभार्लीत तिसरा आणि दुसरा यांच्यामधली जी जागा इंजिनाला हवी असते, ती जागाच आता राहिली नाही. चढावर गाडी उठवताना क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो, म्हणून प्लेट गेली. यात प्लेटचा काही दोष नाही.

आणि या सगळ्या खटाटोपात हाउसिंगखाली मिळालं किती? उंचीतल्या वाढीचा निम्मा भाग, म्हणजे ३३ मिलिमीटर. सव्वा इंच. तुमच्या रस्त्याला तो सव्वा इंच मोलाचा आहे, हे मी मान्य करतो. तो रस्ता मी पाहिला आहे. पण पहिल्यांदा टायर घेणाऱ्या प्रत्येकानं हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

आता उपाय. गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. तिच्यात दोन गिअर असतात, रोजचा हाय आणि अवघड जागेचा संथ लो. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती वेगळी टांगलेली असते आणि दोहोंच्या मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. तुमच्या किंगच्या ट्रान्सफरमध्ये हायचं प्रमाण १.४०९ (आत येणारा शाफ्ट १.४०९ वेळा फिरतो तेव्हा बाहेरचा एकदा) आणि लोचं २.२६८ आहे. जुनी एक हजार सीसीची ४१० जिप्सी आठवते ना? इंजिन अशक्त, म्हणून सुझुकीनं तिच्या ट्रान्सफरमध्येच जास्त घट ठेवली होती. हाय १.५८० आणि लो २.५११. हा ४१० चा गिअरसंच ४१३ च्या, म्हणजे तुमच्या किंगच्या, पेटीत बसवता येतो. जगभरचे जिप्सीवाले हे करत आले आहेत. भागाकार करा : हायमध्ये १२ टक्के मिळतात, लोमध्ये पावणेअकरा. तुम्ही गमावलेत पावणेदहा. इतकं नेमकं जुळणारं काम आमच्या धंद्यात फार क्वचित मिळतं.

म्हणूनच दोन्ही हाउसिंग बदलायला सांगणाऱ्याचं मी ऐकणार नाही. हाउसिंगमधलं प्रमाण बदलायचं तर पुढचं आणि मागचं दोन्ही क्राउन-पिनियन (हाउसिंगमधली मोठ्या आणि लहान दातचाकाची जोडी) नवे, दोन्हींचं सेटिंग, दोन्हींचे बेअरिंग. ट्रान्सफर एकदा उघडली की पुढच्या-मागच्या दोन्ही शाफ्टना फरक एकदम मिळतो.

काम देताना तीन गोष्टी स्वतः उभं राहून बघा. गिअरचा पूर्ण संच एकाच पेटीतून निघालेला हवा. अर्धे दात एका गाडीचे आणि अर्धे दुसरीचे असले की पेटी महिन्यात रडायला लागते. दातांच्या कडा बोटानं चाचपून बघा, टोकं गोल झाली असतील तर तो संच परत करा. बेअरिंग आणि ऑइल सील नवेच घाला. आणि पेटी टांगलेली रबरं तपासा. लोमध्ये जोर वाढल्यावर मऊ झालेल्या रबरांवर पेटी पिळवटते आणि शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकाचे सांधे, खाते.

स्पीडोमीटरचं एक लक्षात घ्या. जिप्सीची स्पीडोची केबल ट्रान्सफरमधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरून चालते, म्हणजे बदललेल्या गिअरांच्या नंतर. त्यामुळे गाडी पहिल्यासारखी ओढायला लागेल, पण काटा खोटंच सांगत राहील. काटा ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६६ ला असाल. किलोमीटरही नऊ टक्के कमी मोजले जातील, म्हणून अॅव्हरेज पडलं असं वाटेल, आणि त्यातला काही भाग फक्त मोजण्यातला असेल. फोनवरचा वेग एकदा काट्याशी ताडून पाहा आणि तो फरक घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगा.

पत्रात तुम्ही चढाचं लिहिलंत. उताराचं कुणीच लिहीत नाही, आणि मला काळजी उताराचीच आहे. चाक मोठं झालं की ब्रेकच्या विरुद्ध चाकाच्या हातातली पहार लांब होते. पायाचा दाब तेवढाच असेल तर रोखण्याचा जोर नऊ टक्क्यांनी घटतो. वर ती चाकं वजनदार, फिरती, थांबायला नाखूश. आणि ब्रेकला जो हात द्यायचा तो गिअर, तोही सैल झालेला. तुमच्यासारखीच एक जिप्सी गिअर बदलण्याआधी मी हेळवाकच्या बाजूनं खाली उतरवून पाहिली. मूळ टायरवर दुसऱ्या गिअरात, पाय ब्रेकवर न ठेवता, ती एका उतारावर विसाला धरत होती. मोठ्या टायरवर त्याच उतारावर ती तेवीस-चोवीसला गेली आणि प्रत्येक वळणाला ब्रेक मागू लागली. खाली पोफळीला पोचलो तेव्हा पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. ४१० चे गिअर बसवल्यावर ती पुन्हा विसाला धरू लागली. गिअर बदलण्याचं माझ्या लेखी खरं कारण हे आहे. चढाला गाडी बंद पडली तर माणूस हँडब्रेक ओढून उतरतो तरी. ब्रेकचे पॅड, मागचे ड्रम आणि ब्रेक ऑइल याच फेरीत करून घ्या.

शेवटी रिम. आतल्या बाजूला कोरलेली रुंदी वाचा. २३५ च्या टायरला किमान ६ इंच रुंद रिम लागते. मूळ साडेपाचवर तो बसतो खरा, पण बगल आत चिमटून राहते आणि हवा कमी केल्यावर टायर रिमवरून उतरायला बघतो. रिम नवी घेताना बाहेर फार काढलेली घेऊ नका, दिसायला रुबाबदार असली तरी तिचा सगळा भार चाकाच्या बेअरिंगवर आणि किंगपिनवर येतो. पाचवं चाकही त्याच मापाचं घ्या. आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या बघा, आता त्यांच्यावर जास्त वजन लटकतंय.

प्रश्न : मी खेड तालुक्यात पशुवैद्य आहे. धनगरवाड्यांवर जावं लागतं, गाडी जिम्नी, मॅन्युअल. पावसात लाल चिखलाच्या चढावर चाकं फिरतात आणि गाडी बाजूला सरकते. दुकानदार म्हणतो २३५/७५ आर १५ चे जाड नक्षीचे मड टायर टाका, सगळं सुटेल. टाकू का? गिअर बदलावे लागतील का? (खेड)

उत्तर : ताई, तुमची अडचण उंचीची नाही, पकडीची आहे. गाडी खाली टेकते असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून मोठा टायर हे तुमच्या दुखण्याचं औषध नाही.

आधी फुकटचा उपाय करा. चिखल सुरू होतो तिथे थांबून चारही चाकांतली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा. बगल जराशी फुगेल, टायर जमिनीवर लांबट टेकेल आणि नक्षीचे ठोकळे दगडाला, मुळीला धरतील. वेग वीस-पंचवीसच्या वर नेऊ नका. डांबरी लागली की दाराजवळच्या पाटीवर लिहिलेला दाब पुन्हा भरा. कमी हवेवर डांबरी रस्त्यानं पळवलेला टायर आतून तापून फाटतो. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि दाब मोजायचा गेज, एवढं सीटखाली ठेवा. तुमच्या इंजेक्शनच्या पेटीइतकंच ते गरजेचं आहे. पंधराच्या खाली मात्र जाऊ नका, वळताना टायर रिम सोडतो.

मग टायर. मूळ १९५/८० आर १५ ची उंची ६९३ मिलिमीटर. याला २१५/७५ आर १५ घेतला तर ७०३.५, म्हणजे दीड टक्का वाढ. गिअर, ब्रेक, काटा, कुणालाच ते कळणार नाही. २३५/७५ ला मात्र जवळजवळ सहा टक्के वाढ होते. जिम्नी पहिल्या गिअरात फोर लोला किती घट देते ते बघा : पहिला गिअर ४.४२५, लो २.००२, हाउसिंग ४.०९०. तिन्हींचा गुणाकार ३६ होतो. म्हणजे इंजिन ३६ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. आपल्याकडे महिंद्रानं बनवलेल्या जुन्या विलीस सीजे-३बी जीपचा हा आकडा ३७ होता, आणि ती जीप काय काय चढून गेली हे तुमच्या तालुक्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा. सुझुकीनं तुम्हाला जवळपास तेवढाच गिअर दिला आहे. २३५ टाकलात की तो ३४ वर येतो. हातचं कशाला घालवायचं?

रुंदीचंही तसंच. कोकणातल्या लाल चिखलाखाली वीतभरावर जांभ्याचा कठीण थर असतो. अरुंद टायर चिखल कापून त्या थरावर पोचतो, रुंद टायर वरच तरंगतो आणि बाजूला जातो. आमच्या देशावर काळ्या रानात याच्या उलट अनुभव येतो. त्या मातीखाली कितीही खोल गेलं तरी कठीण थर सापडतच नाही, आणि ती दोन फेऱ्यांत सगळी नक्षी लिंपून टायर गुळगुळीत करते. त्या मातीत पावसानंतर गाडी घालूच नये, कुठलाही टायर असला तरी. तुमचं गाव जांभ्याचं आहे. अरुंदच राहा.

नक्षी ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्हींसाठीची, घ्या. मड टायरचे ठोकळे एकमेकांपासून लांब असतात, ओल्या डांबरी रस्त्यावर रबर कमी टेकतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी जास्त पुढे जाते. तुमचे रोजचे बहुतेक किलोमीटर ओल्या डांबरीवरचे असणार. रात्री गाय अडली म्हणून बोलावलं की तुम्ही घाईनंच निघणार. त्या वेळी भरणे नाक्याच्या वळणावर ब्रेक लागला पाहिजे, हे मला वाडीच्या शेवटच्या चढापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न : थार, डिझेल ऑटोमॅटिक, १८ इंची रिम. २५५/६५ आर १८ काढून १७ च्या रिमवर २८५/७० बसवायचे आहेत. गिअर बदलू का? आरटीओची अडचण येईल का? (पुणे)

उत्तर : मूळ ७८९ मिलिमीटर, नवीन ८३१. वाढ सव्वापाच टक्के. तुमच्या डिझेल इंजिनाचा खालचा जोर पाहता एवढ्यासाठी हाउसिंग उघडायची गरज नाही. पाच टक्क्यांपर्यंत मी सहसा गिअरला हात लावत नाही, दहाच्या आसपास लावतोच, आणि मधल्या पट्ट्यात गाडी कुठे चालते ते विचारून ठरवतो.

पण हा टायर कशासाठी हवा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बगल उंच हवी असेल, म्हणजे दगडावर रिम वाचावी आणि हवा उतरवता यावी, तर २०२० साली ही थार आली तेव्हा कंपनीनं खालच्या प्रकारात १६ च्या रिमवर २४५/७५ दिले होते. त्याची बगल तुमच्यापेक्षा १८ मिलिमीटरनं उंच, एकूण उंची १५ मिलिमीटरनं कमी, आणि माप कंपनीनंच त्या मॉडेलला दिलेलं. सह्याद्रीत फिरणाऱ्याला मी आधी हेच सुचवतो. रिम घेण्याआधी ती तुमच्या ब्रेकच्या कॅलिपरला कुठे टेकत नाही ना, हे एक चाक चढवून, हातानं फिरवून बघा.

कायद्याचं थेट सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीत असलेला आणि उत्पादकानं ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर कडक निकाल दिला. म्हणून मोठ्या मापाचा टायर घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा, तोंडी नको. मूळ चाकांचा संच विकू नका. टायरवरचा भार निर्देशांक, म्हणजे तो किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. जिप्सीवाल्या दादांनाही हे सगळं लागू आहे.

या थारची पुढची बाजू जुन्या जीपसारखी सरळ हाउसिंगची नाही, दोन्ही चाकं सुटी आहेत. मोठा टायर, फोर लो, पूर्ण कट (स्टेअरिंग टोकापर्यंत वळवलेलं) आणि वर एक्सलेटर, हे चारही एकदम जमलं की पुढचा जॉइंट तुटतो. कट थोडा सोडा, मग रेस द्या.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, शारजात नोकरी करतो. रँग्लर रुबिकॉन, २०१२ची. सुट्टीला मित्रांबरोबर अल बदायरच्या वाळूत जातो. २५५/७५ आर १७ वरून ३१५/७० आर १७, म्हणजे इथे ज्याला ३५ इंची म्हणतात ते, टाकतोय. हाउसिंगला सध्या ४.१० आहे. गॅरेजवाले ४.५६, ४.८८ आणि ५.१३ सांगतात. कोणता? (शारजा)

उत्तर : ३५ इंची हे दुकानातलं नाव झालं. गणित केलं तर ३१५/७० आर १७ साडेचौतीसच्याही आत भरतो, ८७३ मिलिमीटर. मूळ ८१४ होता. जुनं प्रमाण गुणिले नवी उंची भागिले जुनी उंची : ४.१० गुणिले ८७३ भागिले ८१४, उत्तर ४.४०. याच्या लगतचा वरचा ४.५६. तोच घ्या. टायर जड असतो, त्यामुळे थोडं वरच जावं. ५.१३ हा तुमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या चाकांचा गिअर आहे, आणि हायवेवर तुमचे कान दुखतील. रुबिकॉनच्या ट्रान्सफरचा लो आधीच ४ चा आहे. वाळूत एवढा संथ गिअर लागत नाही, तिथे चाकाला वेग हवा असतो आणि हवा १५ च्या आसपास.

दोन्ही हाउसिंग एकाच वेळी करा. गाडीच्या कॉम्प्युटरला नवं प्रमाण आणि टायरचं माप दोन्ही भरून द्या, नाहीतर ऑटोमॅटिक चुकीच्या जागी गिअर टाकेल. नवीन क्राउन-पिनियनवर पहिल्यांदा पंचवीस-तीस किलोमीटर सावकाश चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या. आठशे किलोमीटर होईपर्यंत वाळूत नेऊ नका, आणि मग हाउसिंगचं तेल बदला. तेलात चांदीसारखी बारीक भुकटी आली तर ती दात एकमेकांना बसल्याची खूण. बोटाला तुकडा लागला तर मात्र गाडी तिथेच उभी करा.

प्रश्न : वडिलांची एमएम ५४० जीप दहा वर्षं गोठ्यात उभी होती, ती चालू केली. मागची हाउसिंग फुटली होती म्हणून भंगारातून दुसरी आणून बसवली. टू व्हीलला छान चालते. फोर व्हील टाकलं की स्टेअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि दांडी परत निघत नाही. पुढे ३१ इंची टायर टाकायचा विचार आहे. (शिराळा)

उत्तर : टायरचा विचार आज बाजूला ठेवा आणि फोर व्हीलच्या दांडीला हात लावू नका. तुमच्या दोन हाउसिंग वेगवेगळ्या प्रमाणाच्या असाव्यात असं मला वाटतं. ते घरीच तपासता येतं.

सपाट जागी गाडी लावा. मागचं एकच चाक जॅकवर उचला, बाकी तिन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. गिअर न्यूट्रल, टू व्हील. हँडब्रेक सोडलेला हवा, कारण जुन्या जीपांत तो ट्रान्सफरच्या मागे शाफ्टवरच असतो आणि ओढलेला असेल तर शाफ्ट फिरणारच नाही. म्हणूनच दगड चांगले लावा आणि गाडीखाली कुणी जाऊ नका. शाफ्टला आणि टायरला खडूनं एकेक खूण करा. चाक हातानं बरोबर वीस फेरे फिरवा आणि दुसऱ्यानं बाजूनं बघून शाफ्टचे फेरे मोजायचे. एक चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक. तेव्हा शाफ्टच्या फेऱ्यांना दहानं भागलं की तुमचं प्रमाण मिळालं. पुढच्या बाजूलाही असंच करा, हब लॉक (चाक एक्सलला जोडणारी कळ) असतील तर लावून.

त्रेपन्न-चोपन्न फेरे आले तर ती ५.३८ ची हाउसिंग, म्हणजे क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात. एकोणपन्नासच्या जवळ आले तर ४.८८, म्हणजे ३९ आणि ८. एक अशी आणि एक तशी निघाली, तर फोर व्हीलमध्ये ५.३८ च्या हाउसिंगचं चाक दहा मीटर जातं तेव्हा ४.८८ च्या हाउसिंगचं अकरा मीटर जायला बघतं. चिखलात तो मीटर घसरून जिरतो. कठीण जमिनीवर तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो, म्हणून तुमची दांडी निघत नाही. तो पीळ कुठेतरी सुटणार, क्रॉसमध्ये, ट्रान्सफरच्या दातांत किंवा एक्सलमध्ये.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. धंद्याच्या सुरुवातीला एका गिऱ्हाइकाला मी अशीच आणलेली हाउसिंग न मोजता बसवून दिली होती. बाहेरून हुबेहूब होती, आणि विकणारा शपथेवर सांगत होता. पंधरवड्यात चढावर पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला आणि शाफ्ट जमिनीवर आपटत गेला. मागे चार माणसं होती. कुणाला लागलं नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या खर्चानं दोन्ही हाउसिंग जुळवून दिल्या. तेव्हापासून माझ्याकडे आलेली प्रत्येक हाउसिंग मोजली जाते, मालक कितीही ओळखीचा असो.

३१ इंची टायर टाकायचे नक्की असेल तर दोन्हीकडे ५.३८ करा. २८ इंची चाकावर ४.८८ जसा ओढतो, तसाच ३१ वर ५.३८ ओढतो, फरक एका टक्क्याच्या आतबाहेर. टायर जुन्या मापाचेच ठेवायचे आणि शिराळा-इस्लामपूर असं डांबरीवर जास्त फिरायचं असेल, तर दोन्हीकडे ४.८८ बरा. क्राउन आणि पिनियन जोडीनंच घ्या. दोहोंवर एकच जुळता क्रमांक कोरलेला असतो, तो वाचून घ्या. बसवणाऱ्याकडे डायल गेज आहे का ते आधी विचारा, आणि दातांना निळं लावून ठसा कुठे उमटतो ते तुमच्या डोळ्यांसमोर दाखवायला सांगा. ठसा दाताच्या मधोमध हवा. टोकाला किंवा बुडाला उमटला तर पुन्हा खोलून वायसर बदलायला लावा.

वीस फेरे मोजून झाले की दोन्ही आकडे मला पोस्टकार्डावर कळवा. माझ्याकडे एक ५.३८ ची जोडी खोक्यात ग्रीस लावून ठेवलेली आहे. आकडे जुळले तर तुमच्यासाठी राखून ठेवतो.